फ्लॉरेन्स, सिएना, व्हाल दोर्चा: गाडी कुठे घ्यायची, कुठे सोडायची

रोम ते फ्लॉरेन्स वेगवान ट्रेनने साधारण दीड तास. फ्रेच्चारोसा किंवा इतालो, जी स्वस्त मिळेल ती. तिकीट 'फिरेन्झे सांता मारिया नोव्हेल्ला' या स्टेशनचंच काढा. काही गाड्या कांपो दि मार्तेला थांबतात आणि तिथून सामान ओढत यावं लागतं. साध्या, म्हणजे 'रेजोनाले' ट्रेनचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटाजवळच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायचं, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो.

फ्लॉरेन्स पायी बघायचं शहर आहे. उफ्फिझी आणि डेव्हिडचा पुतळा असलेलं आक्कादेमिया, दोन्ही संग्रहालयं सोमवारी बंद, त्यामुळे फ्लॉरेन्ससाठी एकच दिवस असेल तर तो सोमवार नको. कॅथीड्रलच्या घुमटाला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही, आणि वेळ आधी आरक्षित करावी लागते. गुडघे कुरकुरत असतील तर नाद सोडा.

गाडी घ्यायची ती फ्लॉरेन्स सोडताना, आणि विमानतळावरून. सांता मारिया नोव्हेल्लाजवळून टी२ ट्राम सुमारे वीस मिनिटांत तिथे पोचते. शहरातल्या कार्यालयातून गाडी घेतली की झेडटीएलचा धोका. ही वाहनबंदीची हद्द. वेशीवरचा कॅमेरा नंबरप्लेट टिपतो, कोणी अडवत नाही. 'वार्को आत्तीवो' असा फलक दिसला की बंदी चालू आहे. भाड्याने गाडी देणारी कंपनी पोलिसांना तुमचं नाव-पत्ता देण्याचं शुल्क आधी कापते, दंडाची नोटीस नंतर येते. परदेशी पत्त्यावर ती पाठवायला ३६० दिवसांची मुदत असते. ही हद्द टाळायला गूगल मॅप्सवर विसंबू नका. हॉटेल हद्दीत असेल तर गाडीचा नंबर आधी कळवून नोंदवून घ्या.

भारतीय लायसन्ससोबत आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना लागतोच. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग, म्हणून आधी ठरवा. डाव्या बाजूचं स्टिअरिंग आणि उजव्या हाताला गिअर शोधणं, दोन्ही सवयी एकाच दिवशी लावणं जड जातं. टोलनाक्यावर फक्त 'तेलेपास' (आपोआप टोल कापणारं, फास्टॅगसारखं यंत्र) लिहिलेल्या पिवळ्या लेनमध्ये शिरायचं नाही. फ्लॉरेन्स–सिएना जलदमार्गाला टोल नाही, पण वळणं जास्त आणि मार्गिका अरुंद.

सिएनात गाडी सांता कातेरीना पार्किंगला लावा. तिथून सरकते जिने कॅथीड्रलजवळ वर नेतात. निळ्या रेघा म्हणजे पैसे, पांढऱ्या फुकट, पिवळ्या राखीव. २ जुलै आणि १६ ऑगस्टला पालिओची घोडशर्यत असते. ती बघायची नसेल तर त्या आठवड्यात जाऊच नये, खोल्या महाग आणि चौक मातीने झाकलेला. एक रात्र मात्र राहावं, कारण दिवसाची गर्दी संध्याकाळी बसने परत जाते.

पुढे कासिया रस्त्याने सान क्विरिको, आणि तिथून एसपी १४६ने पिएन्झा व मोंतेपुल्चानो. फोटोत दिसणारं व्हाल दोर्चा खोरं हेच. हिरव्या टेकड्या एप्रिल-मेमध्ये, पिकलेला गहू जूनमध्ये. ऑगस्टनंतर नांगरलेली तपकिरी जमीन असते. तीही सुंदर, पण हिरवी नव्हे. बान्यो विन्योनीच्या चौकातल्या गरम कुंडात उतरायला बंदी आहे. दिवस कमी असतील तर मोंतालचीनो गाळा, पिएन्झा नको.

शाकाहारींसाठी 'पीची आल्ल'आल्योने', म्हणजे लसूण-टोमॅटोतले जाड शेवेसारखा पीची पास्ता. सूप घेताना 'ब्रोदो दि कार्ने', म्हणजे मांसाचा रस्सा, आहे का विचारा. पार्मिजानो आणि बहुतेक पेकोरीनो चीजमध्ये प्राणिज रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) असतं. कडक पाळणाऱ्यांनी सांगून ठेवावं. दुपारचं जेवण साधारण अडीचपर्यंतच, मग साडेसातशिवाय स्वयंपाकघर उघडत नाही. बिलातलं 'कोपेर्तो' हे माणशी शुल्क, टिप नव्हे.

गाडी परत करण्याआधी इंधन भरताना 'गासोलियो' म्हणजे डिझेल, पेट्रोलला 'बेंझिना' म्हणतात. नळीवर गोल खूण पेट्रोलची, चौकोनी डिझेलची. 'सेर्वितो' पंपावर माणूस भरून देतो आणि लिटरमागे जास्त घेतो. दुपारी आणि रविवारी बहुतेक ठिकाणी फक्त यंत्र चालतं. ते कार्डावर मोठी रक्कम अडवून ठेवतं आणि उरलेली सोडायला काही दिवस लावतं, म्हणून वीस-पन्नास युरोच्या नोटा जवळ असू द्या.