मळ नव्हता तो

मुलीच्या मानेवर ओरखडे होते. मानेच्या मागून दोन्ही बाजूंना गेलेला काळसर, जाडसर, हाताला मखमलीसारखा लागणारा पट्टा आणि त्यावर लाल, ताजे ओरखडे. कशाने झाले म्हणून विचारलं तर ती खाली बघत बसली. आईच म्हणाली, "वजरीने घासते मी, डॉक्टर. कितीदा सांगितलं तरी नीट अंघोळ करत नाही. मळाची पुटं चढलीत नुसती."

वय १५, वजन ८७ किलो, पाळी तीन-तीन महिने येत नाही. फाइलमध्ये वरच सहा महिन्यांपूर्वीचा कागद होता, माझ्याच अक्षरातला. 'साखर नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल. खाणं कमी, चालणं वाढवा.' त्या दिवशी तिच्या गळ्याभोवती ओढणी होती. ती बाजूला करायला सांगणं माझं काम होतं आणि ते मी केलं नव्हतं. त्या एका ओळीच्या सल्ल्यावर या घरात सहा महिने काय काय झालं असेल, हे पुढच्या दहा मिनिटांत कळत गेलं. खाण्याच्या कपाटाला कुलूप लागलं होतं. रात्री उठून ती काही खाते का, यावर पहारा होता. वजन चार किलोंनी वाढलं होतं आणि तिच्यावर खोटेपणाचा शिक्का बसला होता.

"ताई, हा मळ नाही," मी म्हणाले. "आजपासून घासणं बंद. ही कातडी आतून अशी झाली आहे."

खरं तर निदानाला ती मानच पुरेशी होती. तरी मी उपाशीपोटीची साखर आणि इन्सुलिन एकाच वेळी तपासायला पाठवलं, कारण आईला काहीतरी आकड्यात दिसायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. साखर ९२, अगदी नॉर्मल. इन्सुलिन ३८. उपाशीपोटी ते २५ च्या वर सहसा जात नाही, आणि चांगल्या तब्येतीत बरंच खाली असतं.

ते दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून मी दोघींना समजावलं. रक्तातली साखर आवरण्याचा इन्सुलिनचा निरोप स्नायूंना आणि यकृताला नीट पोहोचेनासा झाला की स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं. जे काम थोडक्यात व्हायचं, त्याला कित्येक पट लागायला लागतं. काम होतं, म्हणून साखर नॉर्मल दिसते, आणि माझ्यासारखी डॉक्टर ती बघून फाइल मिटते. स्वादुपिंड थकलं की मगच साखर वाढते. त्याआधी बरीच वर्षं हा प्रकार बिनबोभाट चाललेला असू शकतो.

यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की सगळे अवयव एकाच वेळी बहिरे होत नाहीत. साखर सोडणं थांबव, हा इन्सुलिनचा हुकूम यकृत पाळेनासं होतं, पण चरबी बनव हा हुकूम पाळतच राहतं. अंडाशयांना तो मोठा आवाज पूर्ण ऐकू येतो, म्हणून पुरुषी हार्मोन वाढतात आणि पाळी लांबते. कातडीच्या पेशींनाही ऐकू येतो. त्या वाढत राहतात आणि मान जाड, काळी होते. वजन वाढलं की हा बहिरेपणा वाढतो, आणि वाढलेलं इन्सुलिन साठलेली चरबी बाहेर पडू देत नाही. त्यात वयात येताना इन्सुलिनचा परिणाम सगळ्याच मुलामुलींमध्ये काही काळ कमी होतो. तिच्यावर हे सगळं एकदम येऊन पडलं होतं.

आईने सगळं ऐकलं आणि विचारलं, "पण मग ती सारखी खाते कशाला? एवढी चरबी अंगावर असताना भूक लागतेच कशी?"

प्रश्न अगदी बरोबर होता. मी तिला उंदरांची गोष्ट सांगितली. १९७० च्या आसपास अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत डग्लस कोलमन यांनी एका लठ्ठ, मधुमेही जातीचा उंदीर आणि एक सडपातळ उंदीर यांचे रक्तप्रवाह एकमेकांना जोडले. सडपातळ उंदराने खाणं सोडलं आणि तो उपासमारीने मेला. लठ्ठ उंदीर मात्र खातच राहिला. 'पुरे' हा निरोप त्याच्याच रक्तात भरपूर होता, फक्त त्याच्या मेंदूला तो ऐकू येत नव्हता. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्या निरोपाचं जनुक शोधलं. तो निरोप म्हणजे लेप्टिन, चरबीच्या पेशींतून येणारं हार्मोन. जन्मतः लेप्टिन बनतच नाही अशा मोजक्या मुलांना त्याच्या इंजेक्शनने विलक्षण फरक पडला. बाकीच्या लठ्ठ माणसांत मात्र लेप्टिन आधीच जास्त असतं, त्यामुळे वरून देऊन फारसं साधत नाही. त्यांचा मेंदू उंदरासारखा पूर्ण बहिरा नसतो, पण मंदावलेला असतो. आणि उपाशी राहून वजन झपाट्याने उतरवलं की लेप्टिन एकदम पडतं, मेंदूला दुष्काळ आल्यासारखं वाटतं आणि भूक आणखी भडकते.

मुलगी तोवर एक शब्द बोलली नव्हती. आता तिने माझ्याकडे न बघता आईला विचारलं, "म्हणजे मला खरंच भूक लागते. हो ना, आई?"

आईने तिच्या मानेकडे हात नेला आणि ओरखड्यांपाशी येऊन तो थांबला.

मीही तेव्हाच माफी मागितली, दोघींची. सहा महिन्यांपूर्वीचा तो कागद मी फाइलमध्ये तसाच ठेवला आहे.

उपाय साधेच सांगितले. कपाटाचं कुलूप काढायचं, जेवणाच्या वेळा ठरवायच्या, गोड पेयं बंद. झोप पूर्ण, कारण अपुऱ्या झोपेने भूक वाढते आणि इन्सुलिनचा परिणामही घटतो. जेवणानंतर चालणं आणि आठवड्यातून तीनदा स्नायूंना ताण देणारा व्यायाम. काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघताही साखर ओढून घेतो, हे ऐकून ती पहिल्यांदा सरळ बसली.

तीन महिन्यांनी त्या आल्या. वजन ८४. मानेचा काळेपणा होता तसाच, तो जायला वेळ लागतो. ओरखडे मात्र भरले होते. काट्यावरून उतरता उतरता तिने विचारलं, "इन्सुलिन किती आलं?"

"सत्तावीस," मी म्हणाले.