गोखले रोडवर कोणाला काय दिसतं

ठाणे, गुरुवार रात्र

स्टेशनकडून गोखले रोडने हरिनिवासपर्यंत जाताना कुत्र्यांची भीती असलेल्या माणसाला वाटेतलं एकूण एक कुत्रं दिसतं. गाडीखाली झोपलेलं, दुकानाच्या पायरीवरचं, पलीकडच्या फुटपाथवरचंसुद्धा. बरोबरच्याला विचारावं तर, 'कुठे होतं कुत्रं?' भाड्याचं घर शोधणाऱ्याला त्याच रस्त्यावर इस्टेट एजंटांच्या पाट्याच पाट्या. खोटं कोणीच बोलत नाही. म्हणून घाबरणाऱ्याला 'उगाच बाऊ करतोस' म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. आपण ठरवायच्या आत नजर तिकडे गेलेली असते.

लक्षाचा हा कल मोजता येतो. मॅक्लाउड, मॅथ्यूज आणि टाटा या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये मांडलेली चाचणी साधी आहे. पडद्यावर वर-खाली दोन शब्द, एक धास्तीचा, एक साधा, सुमारे अर्धा सेकंद. शब्द जातात आणि त्यातल्या एका जागी ठिपका येतो. दिसला की बटण दाबायचं. चिंतेचा आजार असलेल्यांना धास्तीच्या शब्दाच्या जागचा ठिपका लवकर सापडला, म्हणजे लक्ष आधीच तिथे होतं. फरक मिलिसेकंदांचा.

पण इथेच जपायला हवं. नजर तिकडे झटकन गेली, की गेल्यावर सुटेना? हे वेगळं काढायला दोन्ही शब्द साधे असलेल्या जोड्याही घालाव्या लागतात. त्या नसतील तर आकडा निघतो, अर्थ नाही. शिवाय त्याच माणसाचा आकडा पुढच्या खेपेला बराच बदलतो. गटांची तुलना करायला चाचणी ठीक, एका माणसावर शिक्का मारायला मुळीच नाही.

घरच्या घरी पाहायचं तर दोघांनी तोच रस्ता वेगवेगळा चालावा, फोन खिशात. एकाला आधी सांगावं, 'मेडिकलची दुकानं मोज.' दुसऱ्याला काहीच सांगू नये. परतल्या परतल्या, एकमेकांशी बोलण्याआधी, दिसलं ते लिहून काढावं. 'कुत्रं दिसलं का?' असं विचारू नये; विचारलं की आठवण त्या बाजूला झुकते. मोजणाऱ्याच्या कागदावर दुकानं भरपूर असतील, बाकी रस्ता विरळ. मग कामं अदलाबदल करून पुन्हा चालावं, पण दुसऱ्या रस्त्याने, राम मारुती रोडने चालेल. त्याच रस्त्यावर पहिल्या फेरीची ओळख आड येते.