पानांचा अर्क, परीक्षानळी आणि मधुमेह

औषधी पानांतील अँटिऑक्सिडंट, म्हणजे मुक्त मूलके नावाच्या अस्थिर, पेशींना इजा करणाऱ्या रेणूंना निष्प्रभ करणारे घटक, मधुमेहावर गुणकारी ठरतात, अशी कल्पना आहे. तिच्यावरचे शोधनिबंध वाचताना डीपीपीएच या रसायनाची चाचणी हमखास भेटते. या रसायनाचे द्रावण गडद जांभळे असते. त्यात शेवग्याच्या किंवा कडुनिंबाच्या पानांचा अर्क मिसळला, की अर्कातील पॉलिफेनॉल ही वनस्पतिजन्य संयुगे त्याच्या मुक्त मूलकांना हायड्रोजन देतात आणि रंग उतरत पिवळा होतो. ५१७ नॅनोमीटरला प्रकाशशोषण किती घटले, यावरून अँटिऑक्सिडंट क्षमता काढतात. चाचणी स्वस्त आणि झटपट खरी, पण नळीत ना आतडे असते ना यकृत. क्वेर्सेटिनसारखा फ्लॅव्होनॉइड (पॉलिफेनॉलांचाच एक प्रकार) पोटात गेल्यावर या दोन्ही ठिकाणी त्याचे रूप पालटते आणि मूळ रूपात त्याचा फारच थोडा अंश रक्तात उरतो.

अर्थात, मूळ कल्पना निराधार नाही. साखर सतत चढी राहिली की पेशींमध्ये मुक्त मूलके वाढतात, आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींकडे कॅटलेजसारखी संरक्षक विकरे (एन्झाइम) मुळातच कमी असतात.

खरी मेख मला प्राण्यांवरील प्रयोगांत दिसते. उंदरांना मधुमेह जडवण्यासाठी अनेकदा अ‍ॅलॉक्सन टोचतात, आणि हे रसायन बीटा पेशींत शिरून मुक्त मूलकांच्याच माऱ्याने त्यांचा नाश करते. त्याआधीच अर्क पाजला आणि साखर वाढली नाही, तर विषबाधा टळली एवढेच सिद्ध होते. इन्सुलिनला दाद न देणाऱ्या शरीरात वर्षानुवर्षे मुरत गेलेल्या टाइप २ मधुमेहाबद्दल त्यातून फारसे काही कळत नाही. म्हणून अर्क अ‍ॅलॉक्सनच्या आधी दिला की साखर चढल्यानंतर, हे मी निष्कर्षाच्या आधी पाहतो.

दुसरी गफलत कार्यकारणाची. तुतीच्या पानांतील डीऑक्सिनोजिरिमायसिन हे संयुग आतड्यात पिष्टमय पदार्थांपासून साखर सुटी करणारे अल्फा-ग्लुकोसिडेज हे विकर रोखते, त्यामुळे जेवणानंतरची साखर कमी चढते. साखर उतरली की ऑक्सिडेटिव्ह ताण, म्हणजे मुक्त मूलकांचा पेशींवरील भारही आपसूक घटू शकतो. मग त्याचे सगळे श्रेय अँटिऑक्सिडंट गुणाला देणे घाईचे ठरते. निव्वळ अँटिऑक्सिडंट देऊन पाहण्याचा प्रयोग माणसांवर झालेला आहे: २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत रोज ४०० आययू (आंतरराष्ट्रीय एकके) ई जीवनसत्त्व हे अँटिऑक्सिडंट घेऊनही हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, आणि त्या रुग्णांत मधुमेही मोठ्या संख्येने होते.

पानांमुळे साखर खरोखरच उतरत असेल, तर सल्फोनिलयुरिया या इन्सुलिनचा स्राव वाढवणाऱ्या गटातील गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याची साखर त्यांच्या जोडीने धोकादायकरीत्या खालीही जाऊ शकते. तेव्हा अर्क सुरू करण्यापूर्वी तो डॉक्टरांच्या कानावर घालणे आवश्यक आहे.