रॉटरडॅमला द्राक्षांचा कंटेनर पाठवताना: माझा अनुभव

युरोपात जाणाऱ्या आपल्या द्राक्षांचा मोठा हिस्सा नेदरलँड्समध्ये उतरतो आणि रॉटरडॅमहून ट्रकने जर्मनी, पोलंडकडे जातो. निफाडकडून पहिला कंटेनर पाठवणारे कागदपत्रांची धास्ती घेतात. कागद होतात हो. माल बिघडतो तो फवारणीच्या वहीत आणि काढणीनंतरच्या पहिल्या सहा तासांत.

कागद म्हणजे आयात-निर्यात कोड, अपेडाची (शेतमाल निर्यातीचं काम पाहणारी केंद्र सरकारची संस्था) नोंदणी, आणि सातबारा लावून कृषी विभागाकडे प्लॉटची नोंदणी. ग्रेपनेटवर, म्हणजे अपेडाच्या ऑनलाइन नोंदणीत, प्लॉट दिसत नसेल तर औषधांच्या अंशांच्या तपासणीसाठी नमुना नाही, अ‍ॅगमार्क (प्रतीचा दाखला) नाही, फायटोही (रोग-कीड नसल्याचा दाखला) नाही. सातबाऱ्यावरचं नाव आणि नोंदणीतलं नाव वेगळं, गट नंबरात एक आकडा चुकलेला, असल्या गोष्टींतच माझे सगळ्यात जास्त दिवस गेले. गोडी छाटणी (फळासाठीची, ऑक्टोबरच्या सुमाराची) आटोपली की लगेच तपासून घ्या.

2010 साली युरोपात आपले कंटेनर अडकले ते सीसीसीमुळे, म्हणजे वेलीची वाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वॅट क्लोराइडमुळे. मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम, आणि आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते रसायनच नव्हतं. शेंडा रोखायला एप्रिल छाटणीनंतर मारलेलं औषध वेलीत टिकतं आणि पुढच्या मण्यात निघतं, म्हणून ‘काढणीआधी फवारलं नाही’ हा खुलासा तिथे चालत नाही. शिवाय प्रयोगशाळेचा अहवाल पास आला म्हणजे खरेदीदार खूश, असंही नाही. तिकडच्या अनेक सुपरमार्केटना कायदेशीर मर्यादेच्या एक तृतीयांशच अंश चालतो, आणि एकूण रसायनं चार-पाचच. मी तर मण्यात पाणी उतरल्यावर (मणी मऊ पडू लागल्यावर) आंतरप्रवाही, म्हणजे वेलीच्या आत भिनणाऱ्या, बुरशीनाशकाला हातच लावत नाही.

काढणी सकाळी लवकर करायची, पण दव सुकल्यावरच कात्री लावायची. गोडी 16 ब्रिक्सच्या (रसातल्या साखरेचं माप) वर, मणी 16 ते 18 मिमी. घड देठाला धरा. मण्यावरची पांढुरकी पावडर पुसली गेली की माल शिळा दिसतो. तिकडचा माणूस पनेट (प्लास्टिकचा छोटा डबा) उघडतो आणि आधी देठ बघतो. देठ तपकिरी असेल तर मणी कितीही चांगला असो, भाव पडला.

500 ग्रॅमची 10 पनेटं, 5 किलोचा बॉक्स. पॅकहाऊसला माल पोचला की प्रीकूलिंगला (झटपट थंड करायला) टाकायला उशीर नको. मण्याच्या गराचं तापमान 4 अंशांखाली येईपर्यंत बॉक्स बंद करू नका. एसओटू पॅड (बुरशी रोखणारा सल्फर डायऑक्साइड गॅस सोडणारा कागद) त्यानंतरच ठेवायचा. गरम मालावर पॅड ठेवून लाइनर (बॉक्समधली प्लास्टिकची पिशवी) मिटला तर आत घाम सुटतो, ओलाव्याने पॅडमधला गॅस एकदम बाहेर पडतो आणि मणी देठाकडून पांढरा पडतो. पुढे गॅस उरत नाही, मग करडी बुरशी आलीच. पॅड स्वस्तातला होता म्हणून खापर त्याच्यावर फोडतात. बहुतेकदा दोष घाईचा असतो.

रीफर (शीत) कंटेनर माल थंड करत नाही, थंड ठेवतो. तापमान 0 किंवा उणे 0.5, व्हेंट (बाहेरची हवा घेणारी झडप) बंद, 20 पॅलेट, आणि आतल्या लाल रेघेच्या वर एकही बॉक्स नको, नाहीतर हवा फिरत नाही. न्हावा शेव्याहून सुएझमार्गे साधारण तीन-साडेतीन आठवडे लागायचे. डिसेंबर 2023पासून लाल समुद्र टाळून जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली तेव्हा त्यात दहाएक दिवसांची भर पडली. तेवढे दिवस देठ हिरवा राहील असाच प्लॉट निवडावा. पावसात सापडलेला तर नाहीच.

पैशांचं म्हणाल तर मिनिमम गॅरंटी, म्हणजे किमान दराची हमी, लेखी घ्या. माल पोचल्यावर तिकडून फोटोंसह क्वालिटी रिपोर्ट येतो, त्यावरून पैशांतली कपात ठरते. एका खेपेत आमचा लॉगर (वाटेत तापमान नोंदवणारं यंत्र) फक्त दारापाशी होता. आयातदार म्हणाला, आतल्या पॅलेट गरम आल्या. आमच्याकडे दाखवायला आतलं वाचनच नव्हतं, कपात मान्य करावी लागली. आता तीन लॉगर टाकतो, एक दाराजवळ, एक मधे, एक मशिनकडच्या टोकाला, आणि तिन्हींचे नंबर पॅकिंग लिस्टवर घालतो.