चिठ्ठी म्हणाली, कॉइल ओपन

बुलेट माइकसोबत (हार्मोनिकावाले मुठीत धरतात तो जाड, गोळीच्या आकाराचा माइक) आधीच्या दुरुस्तीवाल्याची चिठ्ठी आली होती: 'कॉइल ओपन. एलिमेंट बदला.' कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, ओपन म्हणजे ते तुटलेलं, आणि एलिमेंट म्हणजे आवाजाची वीज करणारा आतला भाग. वादकाची तक्रार साधी होती. आवाज पत्र्यासारखा येतो, हार्मोनिकाच्या पहिल्या दोन-तीन छिद्रांत जीवच नाही. तो नवा माइक घ्यायच्या तयारीत होता. कोणता घेऊ, एवढंच त्याला विचारायचं होतं.

कवच उघडलं तर आत अ‍ॅस्टॅटिकचं एमसी-१५१. म्हणजे दाब पडला की वीज देणारा क्रिस्टल, आणि क्रिस्टलला कॉइल नसतेच! धडधाकट क्रिस्टलसुद्धा रोध मोजणाऱ्या ओहममीटरवर ओपनच दिसतो. शूअरच्या कंट्रोल्ड रिलक्टन्ससारख्या चुंबकीय एलिमेंटला ही चाचणी लागू पडते, तिथे ओपन म्हणजे तार तुटलेली. मीटर लावण्याआधी आत काय आहे ते बघायची तसदी लोक घेत नाहीत. कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) मोजलं, १५०० पिकोफॅरडच्या आसपास भरलं. एलिमेंट जिवंत होतं.

दोष नंतर कुणीतरी बसवलेल्या व्हॉल्यूम पॉटमध्ये (आवाज कमी-जास्त करणारा फिरता रोध) होता. पॉट १०० किलोओहमचा. क्रिस्टल विजेच्या दृष्टीने छोटा कपॅसिटर असतो. पुढचा रोध जितका कमी, तितका खर्ज आधी गळतो. पॉट पूर्ण उघडला की तो अ‍ॅम्पच्या १ मेगाओहम इनपुटला समांतर पडतो आणि दोघांचे मिळून ९१ किलोओहम उरतात. केबलचं कपॅसिटन्स सोडून हिशेब केला, तर साधारण ११६५ हर्ट्‌झच्या खालचं सगळं उतरत जातं. जी पट्टीच्या हार्मोनिकाचा सर्वांत खालचा सूर १९६ हर्ट्‌झला असतो. पत्रा वाजणार नाही तर काय! ५ मेगाओहमचा पॉट टाकला की हीच मर्यादा १२७ हर्ट्‌झवर येते.

पॉट बदलताना एलिमेंटच्या टोकांना सोल्डरिंग आयर्न लावायचं नाही. आतला क्रिस्टल रोशेल मिठाचा असतो, साधारण ५५ अंश सेल्सिअसला तो कायमचा जातो. ओलाव्यानेही मरतो, आणि हार्मोनिकावाला तर थेट त्यावर श्वास सोडत असतो. पॉटच्या बाजूलाच सोल्डर करायचं. एलिमेंटकडची तार सोडवावीच लागली तर टोक आणि सोल्डरिंग आयर्न यांच्यामध्ये चिमटा धरायचा, म्हणजे उष्णता तो पिऊन टाकतो.

नव्या माइकबद्दल त्याला एवढंच सांगितलं. गिटार किंवा व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या) अ‍ॅम्पमध्ये वाजवायचं, तर बुलेट किंवा हाय-इम्पिडन्स (जास्त अंतर्गत रोधाचा) माइक सरळ लागतो. एसएम५७, एसएम५८ लो-इम्पिडन्सचे, त्यांना अ‍ॅम्पच्या टोकाशी मॅचिंग ट्रान्सफॉर्मर हवा. नुसती जॅक बदललेली केबल लावून आवाज मरतो आणि मग माइकला दोष मिळतो. एसएम५८ मुठीत पूर्ण बंद केला की मागची छिद्रं झाकली जातात, दिशा ओळखायची त्याची शक्ती जाते, आणि 'हा तर कार्डिऑइड आहे, समोरचंच ऐकतो' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांदेखत फीडबॅक (स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरून होणारी शिट्टी) सुरू होतो. बुलेट मुळातच चहूबाजूंनी ऐकतो. फीडबॅकचा इलाज बहुतेकदा माइकमध्ये नसतो: अ‍ॅम्पच्या पहिल्या व्हॉल्व्हच्या जागी १२एएक्स७ ऐवजी १२एवाय७ लावला, की गेन (आवाज वाढवण्याचं प्रमाण) अर्ध्याच्या आसपास येतो. आणि हात लहान असेल तर बुलेट घेऊच नये. बोटांतून फट राहिली की तो दाट आवाज येतच नाही, माइक कितीही जुना आणि महाग असो.

५ मेगाओहमचा पॉट लावून वाजवायला दिला. खर्ज परत आला, मला तरी मोकळं वाटलं. वादकाने दोन मिनिटं वाजवून माइक खाली ठेवला. "आता चिखल झालाय," म्हणाला. पत्र्यासारख्या आवाजातून खर्ज काढायला तो मूठ फार घट्ट आवळायला शिकला होता, आणि आता तीच मूठ जास्त होत होती. मूठ सैल करा म्हटलं, तर वरचे सूर पोकळ येऊ लागले.

शेवटी १ मेगाओहमचा पॉट बसवला. अ‍ॅम्पसकट ५०० किलोओहम, मर्यादा २१२ हर्ट्‌झ. सर्वांत खालच्या सुराचा जोर किंचित कमी होतो. कागदावर हे चूकच आहे. तो मात्र खूश होऊन गेला. चिठ्ठी माझ्याकडेच राहिली आहे. तिच्या मागे मी तिन्ही पॉटचे आकडे लिहून ठेवलेत, आणि दुसऱ्या आकड्यावर अजून फुली मारलेली नाही.