म्हशीची शिंगं आणि साठ चित्रं

मी कमर्शियल आर्टवाला, कोल्हापुरात राजारामपुरीत पत्रिका आणि फ्लेक्स डिझाईन करतो, सायकॉलॉजीशी आपला संबंध शून्य. मागच्या वर्षी आत्तेबहीण म्हणाली, दादा, पीएचडीसाठी साठ चित्रं काढून दे, चित्र बघून नाव सांगायला किती वेळ लागतो ते मोजायचंय, मोठ्यांचं पण आणि पाच-सहा वर्षांच्या पोरांचं पण. म्हटलं दोन आठवड्यात देतो. सहा महिने गेले!

तयार चित्रं नाहीत का म्हणून विचारलं तर आहेत की, स्नॉडग्रास आणि व्हँडरवार्ट ह्या मानसशास्त्राच्या संशोधकांची १९८० सालची, नुसत्या रेघांनी काढलेली २६० चित्रं, जगभर वापरतात. पण त्यात आर्टिचोक नावाची परदेशी भाजी, स्कंक नावाचा झुपकेदार शेपटीचा परदेशी प्राणी, बर्फावरची घसरगाडी. आमच्या गल्लीतलं पोरगं स्कंकला खारच म्हणणार.

मग मी हौसेनं कोल्हापुरी चप्पल काढली, वेणी, गोंडा, शिवण, काय सोडलं नाही. तिनं बघितलं आणि म्हणाली, भारीय, पण चालणार नाही. चेंडूला चार रेघा आणि चपलेला दोनशे, मग उशीर नाव आठवायला झाला की रेघा बघायला, हे कळणार कसं? म्हणून मोठ्यांकडून प्रत्येक चित्राला गुंतागुंतीचे १ ते ५ मार्क घ्यायचे. पोरांसाठी आकड्यांऐवजी तीन चेहरे ठेवले, तर निम्मी पोरं प्रत्येक वेळी हसऱ्यालाच बोट लावायची. ते सोडूनच दिलं शेवटी.

खरी गंमत नावांची. ती साधी केलेली चप्पल दाखवली तर पोरं "चप्पल", माझा चुलता "पायताण". बादलीला आजी "बारडी". दोन्ही बरोबर, पण एकाच चित्राला दोन नावं असली की माणूस त्यातलं निवडण्यात वेळ घालवतो, आणि मोजायचंय वेगळंच. एका चित्राला नावं किती वेगवेगळी आली त्याचा आकडा निघतो, एच म्हणतात, सगळ्यांनी एकच नाव सांगितलं तर शून्य, निम्म्यांनी एक आणि निम्म्यांनी दुसरं सांगितलं तर १. आमच्या पाण्याच्या भांड्याला कळशी, घागर, हंडा तिन्ही आली. ते भांडं गेलं.

म्हैस मात्र माझीच चूक. नेटवरच्या फोटोवरून काढली, गोल वळलेल्या शिंगांची, मुऱ्हा जातीची. एक पोरगं छातीठोकपणे म्हणालं "मेंढा". त्याच्या घरी पंढरपुरी म्हशी, शिंगं तलवारीसारखी लांब मागं गेलेली, त्याचं काय चुकलं? परत काढली, आणि ह्यावेळी समोरून नाही तर थोडी तिरकी, म्हणजे तोंड, पाठ, पाय सगळं एकदम दिसतं आणि ओळख लवकर पटते.

रंगावरून पण आमचं भांडण झालं. रोसियोन आणि पुर्तवा ह्या संशोधकांनी २००४ मध्ये त्याच जुन्या २६० चित्रांत रंग भरून बघितले तर नावं लवकर सांगता येत होती, हे तिनंच मला सांगितलेलं आणि तरी तिला काळीपांढरीच हवी होती, कारण टोमॅटो नुसत्या लाल रंगावरून ओळखला तर आकाराचं काय? मी हरलो.

आता दुसरी यादी आलीय, क्रियापदांची. पहिलंच "झाडणे". केरसुणी हातात दिली की अर्धी पोरं केरसुणीचंच नाव सांगणार, आणि न देता झाडणं काढायचं कसं ते अजून सुचलेलं नाही.