पाणी उद्या, आज हरभऱ्याची भाजी

मंगळवार, मार्गशीर्ष. रात्रीचे पावणेदहा.

पुण्याहून लेकाचा मेसेज आला, नेहमीचाच. "आज काय?" तब्येत कशी आहे, घरी सगळं ठीक ना, असलं तो विचारत नाही. रात्री चुलीवर काय आहे ते कळलं की घरचं सगळं कळलं, असा त्याचा हिशेब, आणि तो चुकीचाही नाही. मऊ भात म्हटलं की कुणाचं तरी पोट बिघडलंय, खिचडी म्हटलं की मला ऑफिसातून उशीर झालाय, पुरण म्हटलं की नणंद आलीये. आज लिहिलं : हरभऱ्याची भाजी, भाकरी, शेंगा चटणी, कांदा. लगेच उत्तर : "म्हणजे पाणी उद्या."

पोरगं शेवटी सोलापूरचं आहे.

आमच्या भागात नळाला पाणी चार दिवसांआड येतं. भीमेवरच्या उजनी धरणातून निघून ११० किलोमीटर पाइपातून चालत येतं बिचारं, मग गल्लीच्या तोंडाशी येईपर्यंत त्याचाही जीव दमत असणार. गाऱ्हाणं मांडायला बसले नाही मी, ते सगळेच मांडतात. मला आज भाजी घोटता घोटता सुचलं ते वेगळंच : आमच्या स्वयंपाकघरात वार नाहीतच, पाण्याचे दिवस आहेत. लोक म्हणतात रात्रीचं जेवण आवडीवर ठरतं, कुणी म्हणतं खिशावर ठरतं. आमच्याकडे ते टाकीवर ठरतं. ज्या दिवशी टाकी भरते त्या दिवशी मेथी, माठ, चाकवत, जे काय पाल्याचं असेल ते, कारण पालेभाजीला तीन पाणी लागतात, वर माती पातेल्याच्या तळाशी दिसली की चौथं. दुसऱ्या दिवशी भिजवलेली मटकी निघते. मग टाकीवर वाकून बघण्याचे दिवस सुरू होतात, आणि तेव्हा राज्य पिठल्याचं. पिठल्याला एक कढई, एक पळी, संपलं. घासायला काही नाही.

हे कुणी ठरवून केलेलं नाही. सासूबाईंनी मला कधी शिकवलं नाही, मी कुठे लिहून ठेवलं नाही. पण मंडईत गेलं की हात आपोआप भेंडीकडे वळतो की पालकाकडे, ते पाणी कधी आलं होतं त्यावर.

आता हरभऱ्याची भाजी ही या सगळ्या कायद्याला अपवाद. पाला असून ती धुवायची नसते. कोवळ्या शेंड्यांवर बारीक लव असते आणि तिच्यावर आंब सुटते. शास्त्रवाले तिला मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल म्हणतात. नळाखाली धरली की आंब गेली आणि हातात नुसता पाला उरला. सासूबाई सांगतात, त्यांच्या माहेरी थंडीत रात्री हरभऱ्याच्या रानावर पांढरं धुतलेलं फडकं पसरायचे आणि पहाटे दवासकट पिळून ती आंब बाटलीत भरून ठेवायचे. पोट दुखलं की त्यातली चमचाभर पाण्यातून. मंडईतून आणलेली भाजी मात्र मी एकदा पाण्यातून काढतेच, फवारा कशाकशाचा मारलाय ते काय माहीत. सासूबाईंना ते बिलकूल पटत नाही. आजची गोष्ट निराळी, आज मंगळवेढ्याकडचे दीर तालुक्याच्या कामाला म्हणून निघाले ते पुढे सोलापुरात आले आणि जाताना घरच्या रानातली पिशवीभर भाजी ठेवून गेले. त्यामुळे आज सासूबाईंचं राज्य.

निवडायला दोघी बसलो. जून काड्या बाजूला, शेंडे बाजूला. अर्ध्या तासात बोटांची टोकं आंबट झाली, नखाच्या कडेला जिथे साल निघालंय तिथे चांगलंच चरचरलं. विळीवर बारीक चिरली. कढईत तेल जरा सढळ, जिरं, मूठभर लसूण ठेचून, हिरव्या मिरचीचा ठेचा. भाजी टाकली तेव्हा कढईच्या वर डोंगर होता, झाकण बसेना. दोन मिनिटांत तळाला जाऊन बसली. पाण्याचा एक हबका, एकच. मग वरून ज्वारीचं पीठ भुरभुरवलं, शेंगदाण्याचं कूट, आणि पळीच्या पाठीनं घोटत राहिले. मीठ शेवटी आणि बेतानं, कारण आंब स्वतःच खारट असते. चव बघायची तर बोटच चाटलं तरी पुरे.

"कोरड्यास झालं का गं?" बाहेरून आवाज.

"झालं, आई. ताट वाढू?"

"त्याला येऊ दे की."

"तो" म्हणजे आमचे हे. चिंचोळी एमआयडीसीत दुसरी पाळी, येईपर्यंत अकरा वाजतात. सासूबाई रोज म्हणतात त्याला येऊ दे आणि रोज साडेआठला जेवून घेतात. मी त्यांच्यानंतर, हे सगळ्यात शेवटी. तिघांची तीन जेवणं. टीव्हीत दाखवतात तसं एका टेबलाभोवती सगळे हसत बसलेत, हे आमच्याकडे दिवाळी सोडून घडत नाही, आणि पूर्वीही घडत नव्हतं. सासरे गिरणीत होते, लक्ष्मी-विष्णूमध्ये. तेव्हा भोंग्यावर जेवण होतं, आता पाळीवर आणि टाकीवर आहे. गिरण्या बंद पडल्या, उशिरा येणाऱ्या माणसासाठी झाकून ठेवायचं ते तेवढं राहिलं.

म्हणूनच मला कडक भाकरीचं कौतुक वाटतं. पाहुण्यांना ती हॉटेलातली गंमत वाटते, दातांची परीक्षा म्हणून फोटो काढतात. खरं तर ती वेळेवर घरी न येणाऱ्या माणसांच्या घरातली वस्तू आहे. पातळ थापायची, तव्यावर फडक्यानं दाबत दाबत मंद आचेवर तिच्यातलं पाणी पूर्ण घालवायचं, की महिनाभर डब्यात राहते. माझ्या हातून आता होत नाहीत तेवढ्या. बचत गटातल्या बाया करतात, त्यांच्याकडून आणते, लाज कसली त्यात! लेकाला हुतात्मा एक्स्प्रेसनं कुणी जाणारं मिळालं की चवड बांधून देते, सोबत शेंगा चटणी. ती मात्र घरची, आणि खलबत्त्यातली. मिक्सरमधून निघतं ते कूट. दाणे, लसूण, तिखट, मीठ कुटत राहावं, कुटत राहावं, आणि एका क्षणी दाणे तेल सोडतात, बत्ता जड होतो, चटणी त्याला चिकटून वर यायला लागते. तिथे थांबायचं. लेकाचे खोलीतले मित्र ती ब्रेडला लावून खातात म्हणे. खाऊ देत.

आजच्या भाकऱ्या मऊच केल्या. पीठ ताजं होतं म्हणून बरं, नाहीतर जुन्या पिठाला विरी राहत नाही, थापताना कडा फुटतात आणि मग कितीही आधणाचं पाणी घाला. परातीला चिकटलेलं पीठ बोटानं निपटून, दोन घोट पाण्यात कालवून ते भाजीतच ओतलं. परात जवळजवळ धुतली गेली!

आणि ज्वारी तरी दुसरं काय करते? परतीच्या पावसाच्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, पुढे काळ्या रानात मुरलेली ओल आणि थंडीतलं दव, एवढ्यावर फेब्रुवारी-मार्चपर्यंत कणसं भरतात. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, आणि जिच्या भाकरीला लोक नावाजतात ती मालदांडी ३५-१ ही जातसुद्धा आमच्याच जिल्ह्यात, मोहोळच्या केंद्रात निवडलेली. त्याच जिल्ह्यात उजनीच्या कालव्यावर ऊस डोक्याएवढा उभा आहे. दीर आले की यावर वाजतंच. ते म्हणाले, "वहिनी, ज्वारीला भाव दिला असता तर ऊस कोण लावलं असतं ओ? शिवाय काढणीला माणूस गावंना." आता भाव आला तर पेरा कमी झालाय. दुकानात चांगली मालदांडी गव्हापेक्षा महाग, गरिबाची म्हणून नावाजलेली भाकरी गरिबाच्या ताटातून निघायच्या बेतात. दिरांशी वाद घालून उपयोग नाही, त्यांच्याही रानात दोन एकर ऊस आहे. त्यांनी जाताना ज्वारीचं अर्धं पोतं आणायचं कबूल केलंय, नव्या सुगीत. बघू.

भाकऱ्या होताहेत तोच समोरच्या काकू दारात. या अक्कलकोटकडच्या, घरात कानडी बोलतात. अचानक पाहुणे आलेले. "भाकरी जास्तीच्या हैत का वो चार? पीठ हाय, टाकीत पाणी न्हाई." दिल्या. थोड्या वेळानं त्यांची वाटी आली, भरलं वांगं, तीळ-शेंगदाण्याच्या वाटणाचं, वर तेलाचा तवंग. त्यांच्या हाताला जे वांगं जमतं ते माझ्या नाही, आणि त्यांना हे ठाऊक आहे. वाटी परत करताना रिकामी द्यायची नसते म्हणून हरभऱ्याची भाजी घातली. त्यांच्या पाहुण्यांनी म्हणे भाजीचीच तारीफ केली. काकूंनी ते मला सांगितलं खरं, पण जरा उशिरानं.

खालच्या मजल्यावरची अक्का अजून विड्या वळत बसली होती. हजार विड्यांची मजुरी हातात पडायची तर सकाळी माल पोचला पाहिजे, त्यामुळे रात्री तिच्याकडे भाकरीचा घाट नसतो. भात आणि चिंचेचं चारू, म्हणजे पातळ सार. तांदूळ धुतलेलं पाणी कढीपत्त्याच्या कुंडीला. तिचा कढीपत्ता अख्ख्या बिल्डिंगला पुरतो तो याच्यामुळे. सुपातली पानं बाजूला सारत म्हणाली, "जेवलाव का वहिनी?" म्हटलं व्हायचंय. "मग उद्या अंबाडी करायलाव की न्हाई?"

अंबाडी! मंगळवार बाजारातून तिनं आज तीन पेंड्या आणल्यात, एक तिला, एक काकूंना, एक मला. ही भाजी म्हणजे पाण्याची उधळण. धुवा, उकडा, आंबटपणा कमी करायला ते पाणी ओता, पुन्हा पिळा. काकू तुरीची डाळ आणि ज्वारीच्या कण्या घालतात, अक्का भरपूर लाल मिरची घालून भातावर घेण्याजोगी करते, मी तांदळाच्या कण्या आणि वरून लसणाची करपट फोडणी. लसूण काळपट होईपर्यंत थांबायचं, पण जळू द्यायचा नाही. तिन्ही घरांत एकाच रात्री तीच भाजी, आणि तिघींनाही आपलीच खरी वाटते. येळवस, म्हणजे वेळ अमावास्या, आठवड्यावर आलीये, तेव्हा भज्जी आणि आंबील काकूंच्या शेतात होणारच आहे, तोवर अंबाडीवर भागवू.

मधेच लेकाचा अजून एक मेसेज : "भाजी धुतली होतीस का?" मी उत्तर दिलं नाही. त्याच्या मेसमध्ये आज पनीर होतं, त्यानं ते खावं.

हे आले की भाजी पुन्हा गरम करायची नाही, गार हरभरा जास्त चांगला लागतो. भांडी सकाळवर ठेवलीत. पाणी पहाटे साडेचारला, अक्काच्या नळाला आधी येतं, तिनं हाक मारायचं कबूल केलंय. मोटारीची वायर आत्ताच लावून ठेवते.